गावाकडून मुंबईत बिऱ्हाड हलवताना: परवडणाऱ्या खोलीपर्यंतची वाट

दर मे महिन्यात, शाळांचे निकाल लागले की आमच्या आजरा तालुक्यातलं एखादं तरी कुटुंब मुंबईची वाट धरतं. निघायच्या आठवडाभर आधी मला फोन येतो, "वहिनी, बेतातल्या भाड्याची एखादी खोली बघून ठेवा." बेत किती, असं विचारलं की पलीकडं शांत. चौदा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यानं असाच फोन त्याच्या चुलतभावाला केला होता, आणि त्यानंही हेच विचारलं होतं. तेव्हापासून आमच्या चार खोल्या बदलून झाल्या, एका खोलीची अनामत गेली, दोन मुलांच्या तीन शाळा झाल्या. आता नालासोपाऱ्यात स्थिरावलोय. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगते ते सगळं इथं सलग लिहिते, म्हणजे निघण्याआधी घरात बसून वाचता येईल.

एक गोष्ट आधीच सांगते. मुंबईत खोली परवडते की नाही, हे भाड्याच्या आकड्यावरून कळत नाही. गाडीत किती वेळ जातो, नळाला पाणी कसं आणि कधी येतं, आणि हातात कागद कोणता पडतो, या तिन्हींत बसली तरच खोली परवडली. भाडं हजारानं कमी आहे म्हणून घेतलेल्या खोलीनं आम्हाला सगळ्यात जास्त खर्चात घातलं.

पायरी १: गाव सोडण्याआधी

माणसं कामासाठी मुंबईला जातात, असं सगळे म्हणतात. पण आमच्याकडं कितीतरी घरांत मूळ अडचण घराचीच असते. जुनं दोन-तीन खणांचं घर, त्यात तीन भावांचे संसार. गावठाणात नवीन जागा उरलेली नाही. शेतात बांधायचं तर रस्ता नाही, वीज नाही. घरकुल मंजूर झालंच, तर प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागातून सपाटीच्या भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची मजुरी त्यावर. आमच्यासारख्या डोंगराळ भागात वाळू, खडी, सिमेंट वाहून आणायलाच इतका खर्च होतो की भिंती उभ्या राहतात आणि स्लॅबला पैसे उरत नाहीत. मग स्लॅबसाठी म्हणून घरातला एक जण मुंबईला येतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच्या मागून बायकामुलं येतात.

म्हणून घरकुलाचा विचार गावात असतानाच पुरता करा. 'ड' यादीत, म्हणजे घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत, नाव आहे का, असल्यास कुणाचं, हे ग्रामपंचायतीत जाऊन डोळ्यांनी बघा. घरकुल मंजूर असेल तर हप्ते बांधकामाच्या टप्प्यांचे फोटो चढल्यावरच पडतात. पाया घालून सगळेच मुंबईला निघून गेलात तर पुढचा हप्ता अडकतो. मागं कोण राहणार आणि काम कोण बघणार, हे ठरल्याशिवाय निघू नका.

दुसरी बाब मुंबईत आल्यावर फार उशिरा कळते. शहरी भागातल्या प्रधानमंत्री आवास योजनेतून घर घ्यायचं असेल तर नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं लागतं. गेल्या २० वर्षांत सरकारच्या घराच्या योजनेचा लाभ घेतलेला चालत नाही. म्हणजे गावातलं घरकुल तुमच्या नावावर झालं की शहरातला तो दरवाजा तुमच्यासाठी बंद. जो भाऊ गावात राहणार आहे त्याच्या नावावर घरकुल आणि जो कायमचा मुंबईला निघाला त्यानं ते मागू नये, असं भावाभावांत बसून बोललेलं बरं. हे बोलणं अवघड असतं. आमच्याकडं ते झालं नाही, आणि त्यावरून दोन दिवाळ्या कुणी कुणाच्या दारात गेलं नाही.

कागद कोणते घ्यायचे? अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाइल, तालुक्याच्या सेतू केंद्रातून काढून घ्या. १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो, आणि तो गावात असताना सहज जमतो. मुंबईतून एका सहीसाठी दोनदा गावाला जावं लागतं. नवऱ्याचं आणि बायकोचं, दोघांचंही काढा. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले घ्या. रेशनकार्डाला सगळ्यांचे आधार जोडलेले आणि ई-केवायसी झालेली असू द्या. आधारला जो मोबाइल नंबर आहे तोच चालू ठेवा. घरपट्टीची ताजी पावती आणि नमुना ८ चा उतारा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

पायरी २: आधी एकट्यानं यावं

सगळं बिऱ्हाड टेंपोत घालून थेट येऊ नका. पहिले दोन-तीन महिने कामाला येणारा माणूस एकटा येऊ दे.

गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, करी रोड, चिंचपोकळी, शिवडी, नायगाव या पट्ट्यात, आपल्या घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांच्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या होत्या आणि काही ठिकाणी अजून आहेत. गिरण्या चालू असताना एकेका खोलीत पाळ्यांप्रमाणे माणसं झोपायची. एक पाळी कामावर गेली की दुसरीनं त्याच जागी अंथरूण टाकायचं. जेवण खानावळीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, नंतर गिरण्या गेल्या, खानावळी कमी झाल्या, पुनर्विकासात कित्येक चाळी पडल्या. तरी आपल्या गावाचं मंडळ कुठं आहे, याची चौकशी गावातल्या जुन्या गिरणी कामगाराकडं जरूर करा. महिन्याची वर्गणी नाममात्र असते आणि पेटी ठेवायला जागा मिळते. मंडळाचे नियम मात्र पाळायचे: बाहेरचा माणूस आणायचा नाही, वर्गणी थकवायची नाही, बैठकीला हजर राहायचं. बहुतेक ठिकाणी बायकामुलांना तिथं राहता येत नाही, म्हणून ही सोय सुरुवातीचीच.

मंडळाची खोली नसेल तर कामाच्या जागेजवळ चार-पाच जणांत एक खोली वाटून घ्या. या काळात दोन गोष्टी पक्क्या कळतात. पगार खरोखर किती हातात पडतो आणि कामाची वेळ काय. ठेकेदार फोनवर १८ हजार सांगतो. भविष्य निर्वाह निधी, विमा, खाडे वजा जाता हातात किती ते पहिल्या दोन पगारांतच समजतं. त्यावर भाडं ठरवा. माझा स्वतःचा हिशेब असा आहे की हातात येणाऱ्या रकमेच्या पाव हिश्शापर्यंत भाडं झेपतं. तिसऱ्या हिश्शाला पोचलं की पहिल्या आजारपणात उसनवारी सुरू होते.

पायरी ३: आधी लाइन, मग खोली

नवीन माणूस विचारतो, स्वस्त खोली कुठं मिळेल. विचारायचं असं, की माझ्या कामाच्या लाइनवर स्वस्त खोली कुठं मिळेल.

काम अंधेरीच्या एमआयडीसीत किंवा सीप्झमध्ये असेल तर पश्चिम रेल्वे धरा: भाईंदर, वसई, नालासोपारा, विरार. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर आहे. काम ठाणे, मुलुंड, भांडुपकडं असेल तर मध्य रेल्वेवर दिवा, कल्याण, टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूर. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर. तुर्भे, महापे, रबाळे या पट्ट्यात काम असेल तर ठाणे-वाशी मार्ग किंवा पनवेलकडची बाजू. भिवंडीच्या गोदामांत काम असेल तर भिवंडी-कल्याण भागातच राहा, रोज मुंबईत जाण्यायेण्याची गरजच नाही. २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून मध्य रेल्वेवरून अंधेरीला जाणं सोपं झालं, पण मेट्रोचं तिकीट वेगळं पडतं, ते महिन्याच्या हिशेबात धरा.

एकदा गर्दीच्या वेळेला, म्हणजे सकाळी साडेसात ते साडेनऊच्या मध्ये, त्या स्टेशनवरून चढून बघा. रविवारी जाऊन "गाडी मोकळी होती" असं ठरवू नका. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली, त्यात जीव गेले. ती सगळी कामावर निघालेली माणसं होती. शक्य असेल तर जिथून गाडी सुटते ते स्टेशन किंवा त्याच्या शेजारचं स्टेशन बघा. आम्ही विरारऐवजी नालासोपारा घेतलं, तर पहिलं वर्षभर माझा नवरा विरारच्या गाडीत शिरायला मागं विरारपर्यंत जाऊन बसून यायचा. रोजची चाळीस मिनिटं त्यात जायची.

आता हिशेब मांडू. समजा भांडुपला डोंगरावर ९ हजारात खोली आहे, संडास सार्वजनिक. आणि नालासोपारा पूर्वेला चाळीत साडेपाच हजारात, संडास-मोरी आत. फरक साडेतीन हजारांचा दिसतो. त्यातून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा दोन्ही वेळची, पास, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याची वर्गणी वजा करा. घरातल्या बाईला आधीचं काम लांब पडतं म्हणून सोडून जवळ मिळेल ते धरावं लागलं, तर तिच्या पगारातला फरकही वजा करा. हा शेवटचा आकडा कुणी धरतच नाही. कांजूरमार्गला घरकाम करून बारा हजार मिळवणारी माझी मैत्रीण टिटवाळ्याला राहायला गेली आणि तिचं काम सुटलं, कारण पहाटे पाचला निघून संध्याकाळी मुलांच्या शाळेच्या वेळेत परत येणं तिला जमेना. भाडं चार हजारानं वाचलं, कमाई बारा हजारानं गेली.

ही घरं इतकी लांब का ढकलली गेली, हेही थोडक्यात सांगते. १९४७ च्या भाडे कायद्यानं मुंबईतली भाडी जुन्या पातळीवर गोठली. भाड्यासाठी चाळ बांधणं परवडेनासं झालं. हळूहळू भाड्याची घरं बांधणं जवळजवळ थांबलं आणि सगळं विक्रीचं झालं. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि त्यातली शंभरातली जवळपास ४२ माणसं झोपडपट्टीत राहत होती. ती कामावर जाणारी, पगार घेणारी माणसं आहेत. त्यांच्या पगारात बसेल असं घर कुणी बांधलंच नाही.

पायरी ४: खोली बघताना

खोली दोनदा बघा. एकदा दिवसा, एकदा रात्री नऊनंतर. दिवसा भिंती बघायच्या. गुडघ्याइतक्या उंचीवर ओलीची रेघ असेल तर पावसात पाणी आत येतं. मालकानं नुकताच खालून अर्धा रंग दिलेला असेल तर तो का दिला ते विचारा. पत्र्याचं छत असेल तर एप्रिल-मेमध्ये लहान मूल तिथं दुपारी झोपू शकेल का ते स्वतः तासभर बसून बघा. रात्री गल्लीतला दिवा, सार्वजनिक संडासाचा रस्ता आणि दारूचा अड्डा जवळ आहे का ते बघायचं. पुरुष हे बघत नाहीत. म्हणून खोली पसंत करायला बाईनं गेलंच पाहिजे, मग त्यासाठी गावाहून एक फेरी पडली तरी चालेल.

पाण्याबद्दल मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. नळ किती वाजता येतो, किती वेळ असतो, रोज की दिवसाआड, पिण्याचं पाणी नळाचं की बोअरिंगचं, मार्च ते जून टँकर किती लागतात. नळ पहाटे साडेतीनला येत असेल तर ते कळलेलं बरं, कारण त्या वेळेला उठणारी तुम्हीच असणार. मीटर स्वतंत्र आहे की मालकाच्या मीटरला जोडलेला उपमीटर, तेही बघा. उपमीटर असेल तर युनिटमागं किती घेणार ते आधी ठरवा आणि कागदावर आणा, कारण तिथं मालक कंपनीच्या दराच्या वर पैसे लावतात.

डोंगरउतारावरची, नाल्याच्या कडेची, मोठ्या भिंतीला टेकलेली खोली कितीही स्वस्त असो, नको. १ जुलै २०१९ ची मध्यरात्र उलटल्यावर मालाड पूर्वेला पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत झोपलेल्या माणसांवर कोसळली. दरवर्षी पावसाच्या तोंडावर महापालिका आणि म्हाडा (राज्य सरकारचं गृहनिर्माण प्राधिकरण) अतिधोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. महापालिकेच्या भाषेत ती 'सी-१' वर्गातली इमारत. खोली पसंत पडली की त्या यादीत इमारतीचं नाव शोधा.

पायरी ५: इथं पैसे देऊ नका

न बघितलेल्या खोलीचं टोकन देऊ नका. मोबाइलवर झकास फोटो, भाडं निम्मं, मालक म्हणतो मी फौजेत आहे, बाहेरगावी पोस्टिंग आहे, एक रुपया पाठवून बघा, हा कोड स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात पैसे येतील. पैसे घ्यायला कधीच कोड स्कॅन करावा लागत नाही. आमच्या गावातल्या एका मुलाचे असे ११ हजार गेले.

संक्रमण शिबिरातली, म्हणजे जुन्या इमारतींतल्या रहिवाशांना तात्पुरतं ठेवायच्या वसाहतीतली, खोली भाड्यानं घेऊ नका. ती म्हाडाची असते आणि दुसऱ्या कुणाला दिलेली असते. तपासणीत तुम्ही घुसखोर ठरता आणि सामानासकट बाहेर निघता. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतलं घर घेताना ते भाड्यानं द्यायला असलेल्या बंदीची मुदत उलटली आहे का, हे सोसायटीच्या कार्यालयात जाऊन विचारा.

अनधिकृत इमारतीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण स्वस्त घर शोधणारा माणूस तिथंच पोचतो. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत आमच्या नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती पाडल्या. जमीन सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. तिथं माझ्या ओळखीची दोन घरं होती, एक स्वतःचं विकत घेतलेलं, एक भाड्याचं. भाडेकरूला मालकानं अनामत परत दिली नाही, म्हणाला, माझंच गेलं, तुला कुठून देऊ? २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ माणसं गेली. २०१३ च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली इमारत पडली तेव्हा ७४ जण गेले, आणि त्यात तिथंच काम करून तिथंच राहणारी मजुरांची कुटुंबं होती. म्हणून इमारतीला बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे का ते महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारा. विकत घ्यायचं असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर नुसता कागदावर बघून भागत नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी खोट्या परवानग्यांच्या आधारे महारेराचे नंबर मिळवले होते आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायचे आदेश दिले. महारेराच्या संकेतस्थळावर नंबर टाका, तिथली परवानगी महापालिकेत नेऊन ताडून बघा.

'हेवी डिपॉझिट' म्हणजे चार-पाच लाख एकरकमी द्यायचे आणि महिन्याचं भाडं नाही. गावाकडची गुंठाभर जमीन विकून आलेल्या माणसाला हे फार आवडतं. त्या घरावर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर बँक घर ताब्यात घेते आणि तुमचे पाच लाख मालकाकडं राहतात. एकच घर तिघांना दाखवून तिघांकडून पैसे घेतल्याच्याही गोष्टी घडतात. मी कुणालाच हा मार्ग सुचवत नाही.

पायरी ६: करार

आमची दुसरी खोली होती तेव्हाची गोष्ट. एजंटनं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर (आता तो किमान पाचशेचा लागतो) मजकूर टाइप करून नोटरीचा शिक्का मारून आणला. अनामत ४० हजार दिली होती, कागदावर १० लिहिली. "जास्त लिहिलं तर मालकाला टॅक्स लागतो, विश्वास ठेवा," म्हणाला. अकरा महिन्यांनी खोली सोडली तेव्हा मालकानं कागद पुढं केला, रंगाचे आठ हजार कापले आणि दोन हजार हातावर ठेवले. आम्ही गप्प परत आलो. आपल्या हातात काही नाही असंच वाटलं.

हातात होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं ५५ वं कलम असं सांगतं की भाड्याचा करार, लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) सुद्धा, लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करणं मालकाकडं येतं. हे कलम पाठ करून ठेवा. मालकाशी भांडायला नको, "कायद्यानं तुमच्यावरच येतं, काका, नोंदणी करून घेऊ" एवढं शांतपणे म्हटलं तरी पुष्कळ मालक तयार होतात.

खर्च किती? ८ हजार भाडं आणि ५० हजार अनामत असेल तर ११ महिन्यांचं भाडं ८८ हजार, त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून व्याज, आणि या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. ते दोन-तीनशे रुपयांच्या घरात येतं. शहरी भागात नोंदणी फी १ हजार. एजंट घरी यंत्र घेऊन येतो, आधारवर अंगठे लागतात, दोन साक्षीदार लागतात. त्याची मजुरी आधी ठरवा. मालक आणि भाडेकरू हा खर्च बहुधा अर्धा अर्धा वाटून घेतात. मुंबईत दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी मागायचा रिवाज आहे. खोली ओळखीनं मिळाली तर तेवढे वाचतात, म्हणून आधी मंडळात, देवळात, कामावरच्या माणसांत विचारा आणि एजंटकडं शेवटी जा.

अंगठा देण्याआधी मालकाचं आधार, लाइट बिल, घरपट्टी आणि इमारतीत घर असेल तर इंडेक्स टू ची, म्हणजे घराच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत बघा. नावं जुळली पाहिजेत. अनामत पूर्ण लिहा आणि बँकेतून किंवा यूपीआयनं द्या. रंगाचे पैसे कापणार की नाही, सोडायची नोटीस किती दिवसांची, लॉक-इन, म्हणजे मधेच करार मोडता न येण्याची मुदत, किती महिने, दरवर्षी भाडं किती वाढणार, ही चार वाक्यं करारात येऊ द्या. मुलं शाळेत असतील तर ११ ऐवजी २२ किंवा ३३ महिन्यांचा करार मागून बघा. मुदत संपल्यावर नवा करार न करता बसून राहू नका. २४ व्या कलमानं मालक दुप्पट दरानं भरपाई मागू शकतो. मालकानं पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती भरली की त्याची पोच मागून घ्या, पुढं पासपोर्टापर्यंत कामाला येते.

ताबा घेताना मीटरचं रीडिंग, भिंती, नळ, खिडक्या यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा.

पायरी ७: बिऱ्हाड आल्यावर

गावचं रेशनकार्ड रद्द करू नका. तेच कार्ड इथल्या रेशन दुकानात अंगठ्यावर चालतं, आणि घरातली काही माणसं गावी असतील तर उरलेलं धान्य त्यांना तिकडं उचलता येतं. गॅसची नोंदणी होईपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. शाळेसाठी जूनच्या पहिल्या आठवड्यातच जा. दाखला यायला उशीर झाला तरी आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे. मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगा आणि अर्जाची पोच घ्या. नोंदणीकृत करारावर आधारचा पत्ता बदलता येतो.

पायरी ८: सोडत

भाड्याच्या खोलीत असतानाच म्हाडाच्या आणि सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) घरांच्या सोडतीचे अर्ज भरायला लागा. मुंबई महानगर क्षेत्रात म्हाडाचा अत्यल्प गट वर्षाला ६ लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नाचा आणि अल्प गट ६ ते ९ लाखांचा. मुंबईत मजुरी, घरकाम, सुरक्षारक्षकाचं काम करणारी आपली बहुतेक कुटुंबं अत्यल्प गटात बसतात. इथं ते डोमिसाइल लागतं, तेही २०१८ नंतर काढलेलं, बारकोड असलेलं. म्हाडाच्या नेहमीच्या सोडतीत गावातलं घर आड येत नाही, कारण अट म्हाडाच्या त्या त्या विभागीय मंडळाच्या हद्दीतल्या घराची असते. पण जाहिरातीत एखाद्या घरापुढं प्रधानमंत्री आवास योजना लिहिलेलं असेल तर पायरी १ मधली, देशात कुठंही पक्कं घर नसावं ही अट लागते. अर्जात योजनेचा कोड भरण्याआधी ती ओळ वाचा.

मुंबई मंडळाच्या घरांसाठी प्रचंड अर्ज येतात. कोकण मंडळाच्या विरार-बोळींज, कल्याणच्या बाजूला शिरढोण, खोणी अशा वसाहतींत आणि सिडकोच्या तळोजा पट्ट्यात संधी जास्त असते. काही घरं सोडतीशिवाय, प्रथम येणाऱ्यास प्रथम या तत्त्वावरही निघतात. अर्ज भरण्याआधी तिथं जाऊन स्टेशनपासूनचं अंतर चाला. घर लागलं आणि कर्ज मिळालं नाही असं होऊ नये म्हणून पगार बँकेतूनच घ्या आणि उत्पन्नाचा दाखला किंवा प्राप्तिकर विवरणपत्र दरवर्षी काढून ठेवा. म्हाडानं कुणालाही एजंट नेमलेलं नाही. "आतून लावून देतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

आम्ही चार वेळा अर्ज भरला. चारही वेळा नंबर लागला नाही आणि चारही वेळा अनामत रक्कम परत आली, कारण अर्जात जे बँक खातं दिलं होतं ते आम्ही चालू ठेवलं होतं. नोकरी बदलली की माणसं जुनं पगाराचं खातं बंद करतात. सोडत होऊन पैसे परत येईपर्यंत ते खातं बंद करू नका.